पॉलिसी मास्टरची पुनर्मांडणी : साठवण विभागातील प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

आजपासून साठवण व्यवस्थापनाचा सराव-प्रकल्प सुरू केला. आतापर्यंत माझे काम मेनफ्रेम संगणकावर कोबोल भाषेतील प्रोग्राम लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे होते. डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, कोणीतरी आधीच तयार करून ठेवलेला असे आणि जेसीएलच्या, म्हणजे जॉब कसा चालवायचा हे सांगणाऱ्या भाषेच्या, डीडी विधानात त्याचे नाव घातले की आपला संबंध संपला, असे मी धरून चालत असे. पुण्यातील आमच्या चमूत साठवणीचे काम पाहणाऱ्या मॅडमकडे पुढील काही आठवडे मला सोपवले आहे. सरावासाठी झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर चालणारी स्वतंत्र प्रणाली असून तिच्यावरील सर्व माहिती बनावट आहे.

प्रकल्प असा आहे : विमा पॉलिसींची एक क्रमिक मास्टर फाइल आहे, तिच्यात प्रत्येकी २०० बाइटच्या ६,००,००० नोंदी आहेत. तिचे किल्लीनुसार, म्हणजे पॉलिसी क्रमांकावरून, वाचता येणाऱ्या केएसडीएस या व्हीसॅम (झेड/ओएसची फाइल-साठवण पद्धत) प्रकारात रूपांतर करायचे, तिच्या प्रतींची, संरक्षणाची आणि जुन्या प्रती स्वस्त साठवणीत हलवण्याची व्यवस्था लावायची आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण लिहून ठेवायचे. पॉलिसी क्रमांक १० अंकी आहे, पहिले ३ अंक शाखेचे आणि पुढचे ७ त्या शाखेतील अनुक्रमाचे. चाचणीच्या माहितीत ६० शाखा असून प्रत्येकीच्या १०,००० पॉलिसी आहेत.

मी लगेच व्याख्या लिहायला बसलो होतो, परंतु मॅडमनी आधी एक कोरा तक्ता पुढे केला. “ही फाइल कोण वाचणार, कधी वाचणार आणि कोणत्या क्रमाने, एवढे भरून आणा, मग आकड्यांकडे वळू,” असे त्या म्हणाल्या. तक्त्यात पाच ओळी झाल्या. रात्रीचा बॅच जॉब संपूर्ण फाइल क्रमाने वाचतो. दिवसा सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहार प्रणालीतून एकेक पॉलिसी क्रमांकावरून शोधली व बदलली जाते. दूरध्वनी मदत केंद्राला पॉलिसी मोबाइल क्रमांकावरून हवी असते. महिन्यातून एकदा शाखानिहाय व प्रतिनिधीनिहाय अहवाल निघतो. नव्या पॉलिसी दिवसभर येतात आणि आपापल्या शाखेच्या शेवटच्या अनुक्रमापुढे बसतात. ही शेवटची ओळ मी केवळ पूर्णतेसाठी लिहिली होती.

५ मार्च २०२५

आज डिस्कची भूमिती शिकलो. झेड/ओएसवर जागा अजूनही ट्रॅक आणि सिलिंडर यांत मोजली जाते आणि मापाचा आधार आहे आयबीएमने १९८९ मध्ये जाहीर केलेली ३३९० ही डिस्क. प्रत्यक्षात माहिती आधुनिक साठवण संचात कुठल्या तरी वेगळ्याच मांडणीत पसरलेली असते, परंतु प्रणालीला तिचे दर्शन ३३९० च्या रूपातच घडवले जाते. माझ्या पिढीतील बहुतेकांनी जी तबकडी कधी पाहिली नाही तिच्या वर्तुळांचा हिशोब आम्ही रोज करतो. यात हास्यास्पद काही नाही, कारण माप बदलले असते तर दशकानुदशके चालत आलेल्या असंख्य जेसीएलमधील जागेचे आकडे निरर्थक झाले असते.

एका ट्रॅकवर एकच सलग ब्लॉक लिहिला तर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट बसतात. दोन समान ब्लॉक बसवायचे तर प्रत्येकी २७,९९८ बाइटपर्यंत. १५ ट्रॅकचा एक सिलिंडर होतो. दर ब्लॉकमागे डिस्कवर ठरावीक जागा खर्च होत असल्याने छोटे ब्लॉक महाग पडतात. आमच्या फाइलवर हा हिशोब करून पाहिला. प्रत्येक २०० बाइटची नोंद स्वतंत्र ब्लॉक म्हणून लिहिली तर एका ट्रॅकवर ६६ नोंदी बसतात, म्हणजे ९,०९१ ट्रॅक किंवा ६०७ सिलिंडर लागतील. अर्ध्या ट्रॅकचा ब्लॉक घेतला तर २७,९९८ मध्ये १३९ नोंदी मावतात, ब्लॉकचा आकार २७,८०० बाइट होतो, ट्रॅकवर २७८ नोंदी बसतात आणि सगळी फाइल १४४ सिलिंडरमध्ये येते. जागेपेक्षाही मोठा फरक वाचनात आहे : पहिल्या मांडणीत सहा लाख ब्लॉक आहेत, दुसरीत ४,३१७.

ब्लॉकचा आकार शून्य लिहिला किंवा मुळीच लिहिला नाही, तर प्रणाली स्वतःच योग्य आकार निवडते. तरीही जुन्या जॉबमध्ये कुणीतरी कधीकाळी हाताने लिहिलेले लहान आकडे नव्या जॉबमध्ये नकलून येत राहतात. असे आकडे दिसताच ते काढून टाकावेत, असे माझे मत झाले आहे.

१० मार्च २०२५

जागा मागण्याची रीत समजून घेतली. जेसीएलच्या स्पेस या घटकात पहिला आकडा प्राथमिक जागेचा आणि दुसरा दुय्यम जागेचा असतो. प्राथमिक जागा संपली की प्रणाली दुय्यम जागेचे तुकडे एकामागून एक देत जाते. हे तुकडे म्हणजे एक्स्टेंट. साध्या क्रमिक डेटासेटला एका व्हॉल्यूमवर, म्हणजे एका डिस्क-एककावर, एकूण १६ एक्स्टेंटच मिळतात. प्राथमिक जागा एका सलग तुकड्यात मिळाली तर दुय्यम जागेला १५ तुकडे उरतात, आणि ती तुकड्यातुकड्यांत मिळाली तर तितके कमी.

दोन्ही मर्यादा प्रत्यक्ष पाहाव्यात म्हणून जॉब मुद्दाम अपुऱ्या जागेत चालवले. पहिल्यात १०० सिलिंडर प्राथमिक आणि दुय्यम काहीच नाही, तो जॉब एसडी३७ या ॲबेंडने, म्हणजे जॉब अर्ध्यात थांबवणाऱ्या चूक-संकेताने, थांबला. दुसऱ्यात ५० प्राथमिक आणि ५ दुय्यम दिले. मोकळी जागा विखुरलेली असलेल्या एकाच व्हॉल्यूमवर यातून जास्तीत जास्त १२५ सिलिंडर मिळू शकतात आणि गरज १४४ ची आहे, त्यामुळे तो एसबी३७ ने थांबला. या दोन संकेतांमधला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. एसडी३७ म्हणतो की दुय्यम जागा मागितलीच नव्हती, एसबी३७ म्हणतो की मागितली होती, पण आता देता येत नाही. पहिल्याचा उपाय जेसीएलमध्ये असतो. दुसऱ्याचा कधी जेसीएलमध्ये, कधी व्हॉल्यूमवर, आणि रात्री दोन वाजता दूरध्वनी घेणाऱ्याने आधी व्हॉल्यूमवर किती मोकळी जागा आहे ते पाहावे.

१२ मार्च २०२५

कॅटलॉग, म्हणजे कोणता डेटासेट कोणत्या व्हॉल्यूमवर आहे याची सूची. डेटासेटचे नाव ४४ अक्षरांपर्यंत असते, बिंदूंनी तुटलेला प्रत्येक भाग ८ अक्षरांपर्यंत. नावाच्या पहिल्या भागावरून मास्टर कॅटलॉग त्या नावाचा उपकॅटलॉग शोधतो आणि उपकॅटलॉग व्हॉल्यूमचे नाव सांगतो. त्या व्हॉल्यूमवर फाइल नेमकी कोणत्या ट्रॅकपासून आहे, हे मात्र व्हॉल्यूमच्या स्वतःच्या सूचीत, म्हणजे व्हीटीओसीमध्ये लिहिलेले असते. व्हीसॅमसाठी यात तिसरी जागा येते. प्रत्येक व्हॉल्यूमवर व्हीव्हीडीएस नावाचा एक डेटासेट असतो आणि त्यात व्हीसॅमच्या गुणधर्मांची नोंद असते. या तीन ठिकाणांचे एकमेकांशी पटत नाही तेव्हा फाइल जागेवर असूनही सापडत नाही.

एसएमएसच्या (डेटासेट कुठे व कसा ठेवायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) ताब्यात नसलेल्या एका सराव-व्हॉल्यूमवर याचा प्रयोग केला. आयडीकॅम्स या कॅटलॉग व व्हीसॅम हाताळणाऱ्या साधनाने एका क्रमिक डेटासेटची केवळ कॅटलॉगमधील नोंद काढली. माहिती व्हीटीओसीप्रमाणे जागेवर होती, परंतु नावाने मागताच डेटासेट मिळत नाही असे उत्तर आले. जेसीएलमध्ये व्हॉल्यूमचे नाव स्पष्ट दिले तेव्हा तोच जॉब बिनबोभाट चालला.

याहून घातक प्रकार मॅडमनी दाखवला. एका नावाचा डेटासेट एका व्हॉल्यूमवर कॅटलॉग केलेला असताना त्याच नावाचा नवा डेटासेट दुसऱ्या व्हॉल्यूमवर तयार करायला सांगितले. जॉब पूर्ण झाला आणि परत-संकेतही शून्य (म्हणजे चूक नाही) आला, पण लॉगमध्ये एका ओळीत लिहिले होते की डेटासेट कॅटलॉग झालेला नाही, कारण २. नवी माहिती तयार आहे, परंतु पुढचा प्रत्येक जॉब नावाने जुनीच फाइल उचलतो. एसएमएसच्या ताब्यातील डेटासेटला कॅटलॉगमध्ये असणे सक्तीचे असल्याने तिथे हा घोळ होत नाही. केवळ या एका कारणासाठीही जुने मोकळे व्हॉल्यूम एसएमएसखाली आणावेत, असे मला वाटते.

१७ मार्च २०२५

एसएमएसची चार नावे आज नीट उलगडली. डेटा क्लास नोंदीची लांबी, जागा यांसारखे मूळ गुणधर्म सुचवतो, स्टोरेज क्लास सेवेचा दर्जा सांगतो, मॅनेजमेंट क्लास प्रती, स्थलांतर आणि मुदत ठरवतो आणि स्टोरेज ग्रुप म्हणजे व्हॉल्यूमचा समूह. डेटासेट तयार होताना चार निवड-रूटीन याच क्रमाने चालतात. स्टोरेज क्लास मिळाला नाही तर डेटासेट एसएमएसच्या बाहेर राहतो.

जेसीएल लिहिणाऱ्याला पहिले तीन क्लास सुचवता येतात, स्टोरेज ग्रुप मात्र सुचवता येत नाही, तो रूटीनच ठरवते. पूर्वी प्रोग्रामर आपल्या आवडीचे व्हॉल्यूम जेसीएलमध्ये कोरून ठेवत आणि ते व्हॉल्यूम भरले की सगळ्यांची धावपळ होई. तो अधिकार काढून घेण्यासाठीच हे सर्व बांधलेले आहे. प्रोग्रामर म्हणून मला ही व्यवस्था जाचक वाटे, आता तिची बाजू पटते.

२० मार्च २०२५

केएसडीएसची पहिली व्याख्या केली. व्हीसॅममध्ये वाचन-लेखनाचा घटक असतो कंट्रोल इंटरव्हल, म्हणजे सीआय, आणि अनेक सीआय मिळून एक कंट्रोल एरिया, म्हणजे सीए होतो. सीआयच्या सुरुवातीला नोंदी, मध्ये मोकळी जागा आणि शेवटी नियंत्रणाची माहिती असते : ४ बाइट मोकळ्या जागेच्या हिशोबाचे आणि समान लांबीच्या नोंदी असल्यास त्यांच्या वर्णनाचे ६ बाइट. मी ४,०९६ बाइटचा सीआय घेतला. हे १० बाइट वजा जाता ४,०८६ उरतात आणि त्यात २० नोंदी बसतात. ३३९० च्या एका ट्रॅकवर असे १२ सीआय मावतात, म्हणजे सिलिंडरमध्ये १८०.

सीएचा आकार आपण थेट सांगत नाही. प्राथमिक आणि दुय्यम जागेच्या आकड्यांवरून तो ठरतो आणि एका सिलिंडरच्या वर जात नाही. दोन्ही आकडे सिलिंडरमध्ये दिले तर सीए एक सिलिंडरचा होतो. जागा ट्रॅकमध्ये मागून दुय्यम आकडा ५ दिला तर सीएसुद्धा ५ ट्रॅकचा होतो. मग सीएची संख्या तिप्पट, प्रत्येक सीएमागे इंडेक्सच्या तळाच्या थराची एक नोंद, म्हणजे इंडेक्सही तितका मोठा. जागेच्या एका किरकोळ वाटणाऱ्या आकड्याचा परिणाम दिवसाच्या प्रत्येक शोधावर होतो, हे मला आधी ठाऊक नव्हते.

आता मोकळ्या जागेचा प्रश्न. नव्या नोंदी मधोमध घालायच्या असतात म्हणून भरताना प्रत्येक सीआयमध्ये काही टक्के आणि प्रत्येक सीएमध्ये काही टक्के सीआय रिकामे ठेवता येतात. आमच्या जुन्या व्याख्यांमध्ये जागोजागी सीआयसाठी १५ आणि सीएसाठी १० टक्के दिसतात, तेच आकडे मी घेतले. १५ टक्के म्हणजे ६१४ बाइट, त्यामुळे सीआयमध्ये २० ऐवजी १७ नोंदी भरल्या जातात. १८० पैकी १८ सीआय रिकामे राहतात. एका सिलिंडरमध्ये १६२ गुणिले १७, म्हणजे २,७५४ नोंदी बसतात आणि फाइलला २१८ सिलिंडर लागतात. काहीच मोकळे ठेवले नसते तर १६७ पुरले असते.

फाइल भरण्याआधी कोबोलचा एक प्रोग्राम तिच्यावर चालवून पाहिला. कधीच न भरलेली केएसडीएस वाचनासाठी उघडली तर फाइल-संकेत ३५ येतो, म्हणजे जणू फाइलच नाही. त्यामुळे नवी फाइल प्रोग्रामच्या हाती देण्यापूर्वी तिच्यात एक नाममात्र नोंद घालून ती काढून टाकण्याची पद्धत आहे. त्यानंतर क्रमिक फाइल किल्लीप्रमाणे सॉर्ट करून आयडीकॅम्सच्या रेप्रो या नक्कल आज्ञेने भरली. किल्लीने न सापडणाऱ्या नोंदीला २३ आणि दुबार किल्लीला २२ हे संकेत अपेक्षेप्रमाणे आले.

२५ मार्च २०२५

या प्रकल्पातील सर्वांत उपयोगाचा दिवस. शाखांच्या शेवटी नव्या पॉलिसी घालत गेलो आणि मधूनमधून लिस्टकॅट या आज्ञेच्या अहवालात स्प्लिटचे आकडे पाहत गेलो. सीआय भरलेला असताना त्यात नवी नोंद आली की त्यातल्या साधारण निम्म्या नोंदी त्याच सीएमधील रिकाम्या सीआयमध्ये जातात. हा सीआय स्प्लिट. रिकामा सीआय उरला नसेल तर सीएमधील निम्मे सीआय नव्या सीएमध्ये हलतात. हा सीए स्प्लिट. पहिला स्वस्त आहे, दुसरा महाग, कारण त्यात डझनावारी सीआय वाचून पुन्हा लिहावे लागतात, इंडेक्स बदलावा लागतो आणि दिवसा हे घडले तर पडद्यासमोर बसलेल्या माणसाला थांबल्याचे जाणवते.

मोकळी जागा फाइलभर समान पसरलेली होती आणि नव्या नोंदी फक्त ६० ठिकाणी येत होत्या. पंगतीत प्रत्येक ओळीला तीन-तीन पाने मोकळी ठेवावीत आणि सगळे पाहुणे एकाच ओळीच्या टोकाला येऊन उभे राहावेत, तसा हा प्रकार. शाखेच्या मधल्या अनुक्रमांमध्ये नवी पॉलिसी कधीच येणार नाही, नोंदीची लांबीही बदलत नाही, म्हणून तिथल्या सीआयमधले १५ टक्के कायमचे वाया.

पुढचे निरीक्षण याहून बोचरे आहे. शाखेच्या टोकाला चढत्या क्रमाने नोंदी येत असताना सीआय मधोमध फुटतो, डावीकडच्या भागात सुमारे १० नोंदी उरतात आणि पुढच्या सर्व नोंदी उजवीकडे जातात. डावीकडचा सीआय अर्धा रिकामा राहतो आणि त्यात पुन्हा काही येत नाही. म्हणजे एक रिकामा सीआय २० नव्हे, जेमतेम १० नव्या नोंदींना पुरतो. क्रमवार घालण्याची पद्धत वापरली तर व्हीसॅम घालणीच्या जागीच सीआय तोडते आणि हे नुकसान टळते, परंतु आमच्या पॉलिसी सीआयसीएसमधून एकेक करून, थेट किल्लीने येतात.

या हिशोबाने १८ रिकामे सीआय म्हणजे सीए स्प्लिट होण्याआधी सुमारे १८० नव्या पॉलिसी. महिन्याला १०० पॉलिसी करणाऱ्या शाखेला ते दोन महिनेही पुरत नाहीत. मग आकडे उलटे करून पाहिले. सीआयमध्ये शून्य टक्के, सीएमध्ये २० टक्के. सीआयमध्ये पूर्ण २० नोंदी, ३६ सीआय रिकामे, १४४ भरलेले, सिलिंडरमागे २,८८० नोंदी, एकूण २०९ सिलिंडर. पूर्वीच्या २१८ पेक्षा नऊ कमी, आणि सीए स्प्लिटपूर्वी सुमारे ३६० नव्या पॉलिसींना जागा. कमी जागेत दुप्पट मुदत मिळाली आणि त्यासाठी तक्त्यातील शेवटची ओळ पुरेशी होती. १५ आणि १० हे आकडे आमच्याकडे कुठून आले, हे कुणाला सांगता आले नाही. ते एखाद्या विखुरलेल्या किल्लीच्या फाइलसाठी योग्य असतील आणि तिथून नकलत नकलत सगळीकडे पोहोचले असतील.

किल्लीत सर्व शाखांचा मिळून एकच चढता अनुक्रम आधी आणि शाखा नंतर ठेवली असती तर सर्व नव्या नोंदी फाइलच्या शेवटीच आल्या असत्या आणि मोकळ्या जागेची गरजच उरली नसती. पण पॉलिसी क्रमांक ग्राहकाच्या कागदावर छापलेला असतो. साठवण विभागाच्या सोयीसाठी तो बदलत नाही.

२८ मार्च २०२५

मोबाइल क्रमांकावरून शोधण्यासाठी पर्यायी इंडेक्स बांधला. एका कुटुंबाच्या अनेक पॉलिसींवर एकच मोबाइल असू शकतो म्हणून किल्ली अद्वितीय ठेवली नाही. पर्यायी इंडेक्सच्या नोंदीची लांबी ५ बाइट, अधिक पर्यायी किल्ली, अधिक जितक्या पॉलिसी तितक्या मूळ किल्ल्या. एका मोबाइलवर २० पॉलिसी धरल्या तरी ५ अधिक १० अधिक २००, म्हणजे २१५ बाइट होतात.

प्रतिनिधीनिहाय अहवालासाठीही असाच इंडेक्स हवा अशी मागणी होती. प्रतिनिधीचा संकेत ६ अक्षरी आहे. नोंदीची कमाल लांबी ३२,६०० बाइट या मूळ आकड्यावर ठेवली तर एका संकेताखाली ३,२५८ पॉलिसी मावतात. मध्यस्थाशिवाय थेट विकलेल्या सर्व पॉलिसींना एकच संकेत आहे आणि त्यांची संख्या याच्या कितीतरी पुढे जाते, मग इंडेक्स बांधताना उरलेल्या किल्ल्या वगळल्याचा इशारा मिळतो. शिवाय इंडेक्स मूळ फाइलबरोबर अद्ययावत ठेवायचा तर दिवसाच्या प्रत्येक नव्या पॉलिसीमागे आणखी एक लेखन वाढते. महिन्यातून एकदा निघणाऱ्या अहवालासाठी रोजचा हा भार नको, सहा लाख नोंदी सॉर्ट करणे परवडते. ही मागणी नाकारण्याची शिफारस केली.

पुनर्बांधणीच्या जॉबसाठी टीप : मूळ क्लस्टर (म्हणजे केएसडीएस) काढून टाकला की त्याचा पर्यायी इंडेक्स आणि पाथ (इंडेक्समार्गे मूळ फाइल उघडण्याचे नाव) दोन्ही त्याबरोबर जातात. त्यामुळे क्लस्टर नव्याने भरल्यावर इंडेक्सची व्याख्या, पाथची व्याख्या आणि इंडेक्सची बांधणी या पायऱ्या त्याच जॉबमध्ये असाव्यात.

२ एप्रिल २०२५

एकाच वेळी अनेकांनी फाइल उघडण्याचा विषय. साध्या डेटासेटसाठी डीडीमधील डिस्प हा घटक पुरतो. ओल्ड म्हटले की जॉबला डेटासेटवर एकट्याचा हक्क मिळतो, शेअर म्हटले की इतर वाचकही चालतात. हक्क मिळेपर्यंत जॉब सुरूच होत नाही आणि ऑपरेटरला जॉब डेटासेटसाठी थांबल्याचा संदेश दिसतो.

व्हीसॅममध्ये दोन्ही जॉबनी शेअर लिहिले तरी पुढे शेअरऑप्शन्स पाहिले जातात. १ म्हणजे एक लेखक किंवा अनेक वाचक. २ म्हणजे एक लेखक आणि त्याच वेळी अनेक वाचक, मात्र वाचकाला ताजी माहिती मिळेलच अशी हमी नाही. ३ म्हणजे प्रणाली कोणाला अडवत नाही, शिस्त प्रोग्रामनीच पाळायची. दोन लेखक ३ खाली एकत्र आले तर इंडेक्स आणि माहिती यांची फारकत होऊ शकते. जॉब एकमेकांना अडवतात म्हणून ३ करून टाका, अशी सूचना अधूनमधून येत असते. ती स्वीकारू नये.

आम्ही २ घेतले. सीआयसीएसने फाइल बदलासाठी उघडलेली असताना रात्रीच्या अद्ययावतीकरणाचा जॉब चालवला, तेव्हा उघडण्याच्या वेळीच कोबोलला संकेत ९३ मिळाला. म्हणून रात्रीच्या साखळीत पहिली पायरी सीआयसीएसमध्ये फाइल बंद करण्याची आणि शेवटची ती पुन्हा उघडण्याची ठेवली आहे.

७ एप्रिल २०२५

रोजच्या प्रतींसाठी जीडीजी, म्हणजे पिढ्यांचा डेटासेट-गट, केला. एका मूळ नावाखाली पिढ्या साठत जातात. अधिक १ म्हणजे नवी पिढी, ० म्हणजे चालू, उणे १ म्हणजे आदली. पारंपरिक जीडीजीत २५५ पिढ्यांपर्यंत मर्यादा ठेवता येते, विस्तारित प्रकारात ९९९ पर्यंत. आम्हाला ३५ पुरतात.

सापेक्ष आकड्याचा अर्थ एका जॉबपुरता गोठलेला असतो. पहिल्या पायरीत अधिक १ तयार केली तर त्याच जॉबच्या पाचव्या पायरीतही ती अधिक १ च असते, पुढच्या जॉबमध्ये मात्र तीच पिढी ० होते. जॉब मधल्या पायरीपासून पुन्हा सुरू करताना हे विसरले तर अधिक १ शोधणारी पायरी अडते. पुनःप्रारंभाच्या सूचनांमध्ये हे ठळकपणे लिहिले आहे, कारण त्या सूचना वाचणारा माणूस बहुधा घाईत असेल.

९ एप्रिल २०२५

रॅकएफ, म्हणजे प्रवेशाचे नियंत्रण करणारी संरक्षण व्यवस्था. प्रवेशाच्या पायऱ्या चढत्या क्रमाने नन, एक्झिक्यूट, रीड, अपडेट, कंट्रोल आणि ऑल्टर. डेटासेट काढून टाकण्यासाठी ऑल्टर लागतो, म्हणून पुनर्बांधणीचा जॉब ज्या ओळखीने चालतो तिला ऑल्टर आणि रात्रीच्या अद्ययावतीकरणाला फक्त अपडेट दिला.

विशेष लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की डेटासेटच्या नावाशी अनेक प्रोफाइल (प्रवेशाच्या नियमांच्या नोंदी) जुळत असतील तर सर्वांत नेमके जुळणारे एकच पाहिले जाते, त्यांची बेरीज होत नाही. पूर्ण प्रकल्पाच्या व्यापक प्रोफाइलमध्ये एखाद्या गटाला अपडेट असेल आणि उद्या आपण केवळ मास्टर फाइलसाठी नवे प्रोफाइल करून त्यात त्या गटाला विसरलो, तर त्याचा प्रवेश त्या क्षणी आटतो. संरक्षण वाढवण्याच्या हेतूने केलेले असे काम रात्रीची साखळी पाडू शकते. केवळ रीड असलेल्या ओळखीने लेखन करून पाहिले. एस९१३ ॲबेंड आला आणि लॉगमध्ये मागितलेला प्रवेश अपडेट, मंजूर असलेला रीड, असे स्पष्ट लिहिले होते. प्रवेशाच्या तक्रारीत हे दोन शब्द आधी वाचावेत.

१५ एप्रिल २०२५

एचएसएम ही स्थलांतर व्यवस्था काही दिवस न वापरलेले डेटासेट प्राथमिक डिस्कवरून पहिल्या स्थलांतर-स्तरावर, तिथून टेपसारख्या दुसऱ्या स्तरावर नेते. कॅटलॉगमध्ये व्हॉल्यूमच्या जागी तेव्हा मायग्रॅट असे दिसते. कोणी तो डेटासेट मागितला की तो आपोआप परत आणला जातो, मात्र तोपर्यंत जॉब थांबून राहतो. हे कधी होणार, ते मॅनेजमेंट क्लासमध्ये दिवसांच्या भाषेत लिहिलेले असते.

मास्टर फाइलला स्थलांतर नको असलेला क्लास दिला. जीडीजीच्या बाबतीत अलीकडच्या किती पिढ्या प्राथमिक डिस्कवर ठेवायच्या हे क्लासमध्येच सांगता येते. ३ ठेवल्या. महिनाअखेरचा अहवाल जुनी पिढी मागतो, म्हणून त्या जॉबच्या आधी ती परत बोलावून ठेवण्याची पायरी जोडली.

१७ एप्रिल २०२५

व्याख्या अंतिम करून मॅडमकडे दिली. सीआय ४,०९६ बाइट, मोकळी जागा ० आणि २०, प्राथमिक २१५ आणि दुय्यम २० सिलिंडर, शेअरऑप्शन्स एकाच प्रणालीत २ आणि वेगवेगळ्या प्रणालींमध्ये ३, मोबाइलवरचा एकच पर्यायी इंडेक्स, ३५ पिढ्यांचा जीडीजी. क्रमवार वाचणाऱ्या बॅच जॉबसाठी डेटाचे बफर (स्मृतीतील तात्पुरत्या जागा) वाढवले, किल्लीने शोधणाऱ्या जॉबसाठी इंडेक्सचे.

त्यांनी एक मुद्दा उघडा ठेवला आहे. पुनर्बांधणी तिमाहीने करावी असे मी लिहिले होते, परंतु शाखांची वाढ सारखी नसते. ठरावीक तारखेऐवजी लिस्टकॅटमधील सीए स्प्लिटचा आकडा दर आठवड्याला नोंदवावा आणि तो वेगाने चढू लागला तर पुनर्बांधणी लावावी, असे त्यांचे म्हणणे आहे. रद्द पॉलिसींमुळे पूर्ण रिकामा झालेला सीए झेड/ओएस १.१२ पासून परत वापरता येतो, अर्धा रिकामा मात्र येत नाही, म्हणून तोही हिशोबात धरावा लागेल. त्यासाठी लिस्टकॅटचे साप्ताहिक निकाल साठवणारा लहान जॉब सोमवारपासून लिहायला घेतो.